सेल्फ बदला, पण आधी कार्बन बघा



कोळपणीचे दिवस आले की गावात दर दोन दिवसाला एकजण म्हणतो, "पॉवर विडरचा सेल्फ गेला." की चालला दुकानात, नवा सेल्फ घेऊन आला. माझं स्पष्ट मत आहे, यातले बरेच सेल्फ गेलेले नसतात. बिघाड भलतीकडंच असतो आणि पैसे सेल्फवर जातात.

आधी बॅटरी बघा. 12 व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी मीटरवर 12.6 च्या आसपास दाखवते. बटण दाबल्यावर साडेनऊच्या खाली गेली तर बहुतेक बॅटरीच थकलीय. मग टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा आणि अर्थिंगची वायर आवळा. विडर दिवसभर हादरत असतो, त्यात हे नट ढिले होतातच.

त्यानंतर आवाज ऐका. नुसतं "टक" वाजून गप्प झालं तर रिले, ढिली वायर नाहीतर कमजोर बॅटरी. सेल्फ भुर्रकन फिरतोय पण इंजिन जागचं हलत नाही, तर पिनियन पुढं येत नाही, बेंडिक्स अडकलंय. खर्रखर्र आवाज म्हणजे दाते गेले. आणि बॅटरी चांगली असून सेल्फ रडत रडत फिरतोय, तर कार्बन किंवा बुश झिजलेत. कार्बन आणि बुश वायंडिंगवाला तासा-दोन तासात बदलतो, खर्च नव्या सेल्फपुढं किरकोळ. मला दुकानात सांगितलं होतं, "कार्बन सुटे येत नाहीत, अख्खा सेल्फच घ्या." तालुक्याच्या वायंडिंगवाल्यानं मापाचे कार्बन घासून बसवले. दोन हंगाम झाले, सेल्फ चालतोय.

पण आर्मेचर जळून काळं पडलं असेल, जळका वास येत असेल, तर तिथं काटकसर करू नका. नवाच घ्या. जुना सेल्फ सोबत न्या आणि दाते मोजा, बोल्टच्या भोकातलं अंतर, फिरायची दिशा आणि व्होल्ट जुळवा. "चालून जातंय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, जोडताना ती शेवटी. पेट्रोल इंजिन असेल तर प्लगची टोपीही काढून ठेवा. सेल्फ इंजिनला जिथं टेकतो तिथला गंज नि रंग घासून काढा, कारण सेल्फचं अर्थिंग त्याच जागेतून जातं. आणि फ्लायव्हील हातानं पूर्ण एक फेरा फिरवून रिंगचे दाते बघा. एका सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळं बहुतेक वेळा ठराविक जागीच थांबतं, म्हणून तिथलेच दाते आधी झिजतात. तुटक्या रिंगवर नवा सेल्फ बसवला की त्याचं पिनियनही खराब झालंच म्हणून समजा.

चालवतानाही एक पथ्य पाळा. बटण पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. इंजिन नाही लागलं तर अर्धा मिनिट थांबा. डिझेल येत नसताना सेल्फ मारत बसलं की तो तापून जळतो, आणि दोष कंपनीला.

काहीजण म्हणतात, सेल्फ पाहिजेच कशाला, दोरी ओढा की. पंचविशीच्या पोराला ते ठीक. पन्नाशी ओलांडलेला खांदा डिझेलच्या कॉम्प्रेशनपुढं टिकत नाही, दोरी उलटा झटका देते ती वेगळीच. आता कित्येक घरांत बायामाणसं विडर चालवतात. सेल्फ चालू असला तरच ते यंत्र त्यांच्या कामाचं. सोयाबीनचे पहिले 30 ते 45 दिवस तणाचे, त्यात पावसाची उघडीप आणि वाफसा मिळून दोन-तीन दिवस हाती लागतात. त्याच दिवसांत यंत्र दुकानात पडून राहिलं तर तण काय आपली वाट बघत थांबतंय?

महाडीबीटीवर अर्ज करून यंत्राला अनुदान मिळतं, चांगलंच आहे. पण यंत्र विकणाऱ्यानं कार्बन, बुश, बेंडिक्स तालुक्याला सुटे ठेवलेच पाहिजेत, असा नियमही त्यासोबत हवा. कृषी खात्यातली मंडळी हे वाचत असतील तर एवढं वर कळवा.

तुमच्या तालुक्यात सेल्फचे कार्बन सुटे मिळतात का? तालुक्याचं नाव खाली लिहा, दुसऱ्याची चक्कर वाचेल.