अंगठा जुळत नाही

दर नोव्हेंबरात आजीला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून तो ‘जीवन प्रमाण’वर बोटाच्या ठशानेही देता येतो. यंदा यंत्राने चार वेळा नकार दिला. साठ वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांवरच्या रेघाच झिजल्यात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजी, हात नीट पुसा.” ती ओशाळून पदराला बोटं पुसत राहिली. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१मध्येच आलीय. ती कुणी सुचवलीही नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे आमच्याच जमातीचं वाक्य. त्यात चूक कायम समोरच्याची. आजी ओळखता आली नाही तर नापास यंत्र झालं, आजी नव्हे. पडद्यावर ‘चूक आमची, दुसरा मार्ग हा’ एवढी एकच ओळ लागते. ती आम्ही लिहीत नाही.