तज्ज्ञ कशाला शोधायचा?

परवा एका कार्यकर्तीने विचारलं, "ताई, पॉलिग्राफसाठी चांगला शिकलेला तज्ज्ञ कुठे मिळेल?" मारहाणीची तक्रार करणाऱ्या सुनेला सासरचे म्हणत होते, खरी असशील तर यंत्रासमोर बस. मी विचारलं, नवरा बसतोय का? त्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. अग्निपरीक्षेला आता तारा जोडल्यात, एवढंच!

मैत्रिणींनो, हे यंत्र खोटं पकडत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब आणि तळहाताचा घाम मोजतं. मार खाल्लेल्या बाईला त्याच रात्रीबद्दल खोदून विचारलं तर धडधड वाढणारच. ती खोटेपणाची की आठवणीची, हे कितीही पदव्या असलेल्या तज्ज्ञाला आलेखावरून खात्रीने सांगता येत नाही. सेल्वी खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील मिळाला पाहिजे, आणि संमतीने घेतली तरी तिचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. मग दिवाणखान्यात, सासरच्या चौघांदेखत मिळवलेला होकार कसली संमती?

तिच्या अंगावरचे वळ अजून गेले नव्हते. मी त्या कार्यकर्तीला सरकारी दवाखान्याचा आणि आमच्या वकीलबाईंचा पत्ता दिला.