उडी मारून गड कळत नाही

मंडळी, आज जरा भांडायचंय. 'शिक्षणासाठी' म्हणून जे व्हर्च्युअल रिॲलिटीचे चष्मे विकले जातात, त्यातली टेलिपोर्टची सोय शिकण्याच्याच मुळावर येते. समोर रोख धरा, बटण दाबा, पोचलात! मधला रस्ता गायब.

आम्ही कोड पाडणारे याला फीचर म्हणतो. कारण खोटं नाहीये. खुर्चीत बसून जॉयस्टिकने 'चालायला' लागलं की डोळे सांगतात हललो, कानातला तोल सांगतो जागेवरच आहे, आणि पोटात ढवळतं. उडी मारली की ही मळमळ टळते. मान्य. पण त्या बदल्यात काय जातं?

२०२० साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रिकोणाच्या दोन बाजू जा आणि सुरुवातीची जागा दाखवा, एवढंच काम. स्वतः चालणारे सर्वांत कमी चुकले. अंग वळवून अंतर मात्र उडीने कापणारे जास्त चुकले. वळणंही बटणावर घेणारे सर्वांत जास्त!

२००६ साली रडल आणि लेसेल्स यांनी तर दाखवलं होतं की माणूस खरोखर चालत असेल, तर साध्याशा चित्रातही शोधाशोध उत्तम जमते. आणि आपण भांडतोय कशावरून? पिक्सेलवरून!

माधवनगरहून सांगलीला रोज सायकल मारणाऱ्या पोराला रस्ता विचारा, मग गाडीत मागे मोबाईल बघत बसणाऱ्याला विचारा. फरक लगेच कळेल.

आता रायगड घ्या. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. दमलेला शत्रू वळणावर येतो आणि दोन्हीकडून माऱ्यात सापडतो. गोमुखी बांधणीची सगळी अक्कल त्या वाटेत आहे. पोराला थेट दरवाजासमोर टाकलंत, तर त्याला दगडी कमान दिसेल, गड नाही.

अणूच्या पोटात शिरायचं असेल तर खुशाल उड्या मारा, तिथे पायवाट नाहीच. पण गड, गाव, नकाशा शिकवायचा असेल तर वर्गातली बाकं बाजूला सारा, एकेकाला चालू द्या. तेही जमत नसेल तर निदान वळू तरी द्या.

शाळेने चष्मे घेताना रिझोल्यूशन नंतर विचारावं. आधी विचारावं, "पोरं यात चालणार कशी?" विक्रेता गडबडला, तर पैसे सहलीच्या एस.टी.साठी ठेवा.