एक ना धड? : गिरीश कार्नाडांच्या निमित्ताने

पावसाळा सरला, हवा निवळली, की आपल्या नवीन पनवेलमधून पूर्वेकडची डोंगररांग स्वच्छ दिसू लागते. अलीकडे प्रबळगड, त्याला लागून कलावंतिणीचा सुळका आणि पलीकडे माथेरानचे लांबट, सपाट पठार. माथेरान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नेरळची छोटी गाडी येते, तांबडी माती येते, फार तर चिक्कीचा पुडा येतो. परंतु १९ मे १९३८ रोजी याच डोंगरावर गिरीश रघुनाथ कार्नाड नावाचे मूल जन्माला आले, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत.

माझ्या वयाच्या मुलामुलींना कार्नाड माहीत आहेत ते 'एक था टायगर' (२०१२) या चित्रपटातले गुप्तहेर खात्याचे प्रमुख म्हणून. आमच्या आईवडिलांच्या पिढीला 'मालगुडी डेज'मधले स्वामीचे करड्या शिस्तीचे वडील आठवतात. प्राध्यापक मंडळींसमोर नाव काढले की ती लगेच 'तुघलक' आणि 'हयवदन' यांवर बोलू लागतात. एकच माणूस, पण तीन पिढ्यांत त्याच्या तीन ओळखी! आणि चौथी ओळख तर बहुतेकजण विसरूनच गेले आहेत. ती म्हणजे दूरदर्शनवरच्या विज्ञानकथेतले आणि विज्ञानपत्रिकेतले कार्नाड. मला आज बोलायचे आहे ते या चौथ्या ओळखीपासून सुरुवात करून.

त्याला एक घरगुती कारण आहे. बारावीनंतर मी कला शाखा घेतली, एकांकिका स्पर्धेसाठी नाव दिले आणि त्याच सुमारास आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांनाही जाऊ लागले. तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला ऐकवले, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ही म्हण आपल्यातल्या अनेकांनी ऐकली असेल. दुपारी कॉलेज, संध्याकाळी दुकानात काम, रात्री नाटकाची तालीम आणि रविवारी स्पर्धा परीक्षेचा वर्ग, असा आपल्यातल्या कितीतरी जणांचा आठवडा असतो. तेव्हा अनेक गोष्टींत हात घालणारा माणूस खरोखरच चिंध्या गोळा करीत असतो काय, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. कार्नाडांचे आयुष्य समोर ठेवून मी त्याचे उत्तर शोधू पाहते.

१९८९ साली दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' नावाची मुलांसाठीची मालिका लागत असे. आनंद महेंद्रू यांनी ती दिग्दर्शित केली होती. घरी संगणक जोडणारी मुले, परग्रहावरून आलेली शक्ती आणि काळाच्या मागेपुढे प्रवास, असा तिचा मामला होता. ज्या काळी शाळेत संगणक पाहायला मिळणेही दुर्मीळ, त्या काळातली ही गोष्ट! त्या मालिकेत कार्नाडांनी भूमिका केली होती. ऊर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर आणि करण जोहर ही पुढे गाजलेली नावेही तिच्यात होती. त्यानंतर १९९०च्या दशकाच्या आरंभी 'टर्निंग पॉइंट' ही विज्ञानपत्रिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि तिचे सूत्रसंचालन कार्नाडांनी केले. प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देणारे प्रा. यशपाल त्याच कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचले. पुढे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे 'विंग्ज ऑफ फायर' हे आत्मचरित्र ध्वनिपुस्तक म्हणून निघाले, तेव्हा कलामांच्या शब्दांना आवाज दिला तोही कार्नाडांनीच.

कुणी म्हणेल, नटाला काय, जे सांगाल ते तो बोलतो. पण ही गोष्ट तेवढी सोपी नाही. कार्नाड पदवीधर झाले ते १९५८ साली, धारवाडच्या कर्नाटक आर्ट्स कॉलेजातून. विषय कोणते? गणित आणि संख्याशास्त्र! म्हणजे 'आर्ट्स'च्या कॉलेजात त्यांनी गणित केले, आणि गणित करून ते नाटककार झाले. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले (१९६०-६३) आणि तिथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकले. परत आल्यावर सात वर्षे मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरी केली. १९७० साली 'संस्कार' या कन्नड चित्रपटाची पटकथा लिहिली व त्यात प्रमुख भूमिकाही केली, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७४-७५मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते. तिथे विद्यार्थ्यांचा संप झाला. त्या संपात पुढे असलेल्या नसीरुद्दीन शाह या विद्यार्थ्याचे नाव श्याम बेनेगल यांना 'निशांत'साठी सुचवले ते या संचालकांनीच. संपाचा राग मनात न ठेवणारा संचालक कसा असतो, याचा हा नमुना प्राध्यापकांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

'मंथन' (१९७६) या चित्रपटात त्यांनी गुजरातच्या खेड्यात दूध सहकारी संस्था उभारायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरची भूमिका केली. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट काढला होता. मराठीत 'उंबरठा' (१९८२)मध्ये ते स्मिता पाटील यांचे वकील पती होते. त्याशिवाय 'उत्सव'चे दिग्दर्शन, संगीत नाटक अकादमीचे अध्यक्षपद, लंडनच्या नेहरू सेंटरचे संचालकपद अशी यादी लांबतच जाते. आता सांगा, आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबाने ह्या भाराभर चिंध्याच की नाहीत?

मला तसे वाटत नाही. या सगळ्या पसाऱ्यात एक काम असे होते, की जे त्यांनी कधी सोडले नाही. ते म्हणजे कन्नडमध्ये नाटक लिहिणे. वस्तुतः तरुणपणी त्यांची हौस इंग्रजीत कवी होण्याची होती. घरची भाषा कोकणी, शाळेची सुरुवात मराठीतून, विलायतेला जायची तयारी चाललेली. आणि नेमके त्या धामधुमीत त्यांच्या हातून उतरले ते 'ययाति' हे कन्नड नाटक. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. मग 'तुघलक' (१९६४), 'हयवदन' (१९७१), 'नागमंडल' (१९८८), 'तलेदंड' (१९९०), आणि शेवटचे 'राक्षस तंगडी' २०१८ साली. म्हणजे सत्तावन्न वर्षे! चित्रपटातला अभिनय हे पोटाचे साधन आणि नाटक हे आपले काम, असे ते मोकळेपणाने सांगत. पोटाचे काम त्यांनी कमी लेखले नाही, पण त्यासाठी आपले काम बंदही केले नाही. चिंध्या म्हणायच्या त्या अशा धाग्याने एकत्र शिवल्या गेल्या की त्यांची गोधडी होते, आणि गोधडी किती ऊब देते हे मराठी माणसाला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विज्ञानकथेतला त्यांचा सहभाग हा केवळ योगायोग मानायला मी तयार नाही. त्यांची नाटकेच पाहा. 'ययाति'त बापाचे म्हातारपण मुलाच्या देहात जाते. 'हयवदन'मध्ये दोन मित्रांच्या डोक्यांची अदलाबदल होते. मग बुद्धिमान देवदत्ताचे डोके आणि बलदंड कपिलाचे धड असलेला माणूस नेमका कोण, हा प्रश्न उभा राहतो. म्हणीतले 'धड' वेगळे आणि हे धड वेगळे, पण कार्नाडांनी त्या धडाचा प्रश्न जन्मभर धरून ठेवला खरा. अवयवांचे रोपण आज दवाखान्यांतून होते. त्या काळी त्यांनी हा प्रश्न वेताळकथेतून आणि टॉमस मान यांच्या एका कादंबरिकेतून उचलला. पुराणातली कथा असो की परग्रहावरची, 'असे झाले तर माणसाचे काय होईल?' हे विचारण्याची रीत एकच आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी 'ओडकलु बिंब' हे एकपात्री नाटक लिहिले. एक लेखिका दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत आपल्या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीविषयी भाषण करते. भाषण संपते, ती उठू लागते, तोच पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिच्याशी बोलू लागते आणि एकेक प्रश्न विचारून तिचे खोटे उघडे पाडते. आज यंत्राला सांगून कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज बनवता येतो. अशा दिवसांत हे नाटक वाचताना अंगावर काटा येतो. दूरदर्शनवर विज्ञान सांगणाऱ्या माणसाने दूरचित्रवाणीलाच नाटकातले पात्र केले! त्या पडद्यासमोर बसून केलेली नोकरी त्यांच्या लेखनात अशी परत आली. म्हणून पोटाचे काम वाया जाते असे मी मानत नाही; डोळे उघडे ठेवून केले तर त्यातूनही आपल्या कामाला रसद मिळते.

याच वर्षी, म्हणजे १९३८ सालीच, बरोबर दोन महिन्यांनी १९ जुलै रोजी कोल्हापूरला डॉ. जयंत नारळीकर जन्मले. कार्नाड ऑक्सफर्डचे, नारळीकर केंब्रिजचे. १९७४ साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप असे टोपणनाव घेऊन. आणि त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. खगोलशास्त्रज्ञ गोष्ट सांगायला आला आणि गोष्ट सांगणारा नट विज्ञान सांगायला गेला. नारळीकर २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दोन शाखांमधली भिंत आपण अकरावीच्या प्रवेश अर्जावर बांधतो, आणि ही दोन माणसे ती दोन्ही बाजूंनी ओलांडून गेली. आज दोघेही हयात नाहीत. कार्नाड १० जून २०१९ रोजी बंगळूरला गेले, नारळीकर २०२५च्या मे महिन्यात पुण्याला.

आता माझ्या म्हणण्यावर घेता येण्यासारखे दोन आक्षेप मीच मांडते. पहिला असा की कार्नाडांना ऑक्सफर्ड मिळाले, इंग्रजी मिळाले. आपल्यासारख्यांनी त्यांचे उदाहरण कशाला घ्यावे? आक्षेप खरा आहे. परंतु त्यांची आई कृष्णाबाई ही लहान वयात विधवा झालेली, पदरी मूल असलेली स्त्री होती. ती परिचारिकेचे काम शिकली, आणि डॉक्टर कार्नाडांशी तिने पुनर्विवाह केला तो त्या काळातला समाज झुगारून. आपल्या वाट्याला आलेली चौकट मोडण्याचा धडा मुलाला ऑक्सफर्डच्या आधी घरातच मिळाला होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चित्रपटांत एवढा वेळ गेला नसता तर कार्नाडांनी आणखी मोठी नाटके लिहिली नसती काय? 'हयवदन' आणि 'नागमंडल' यांच्यामध्ये सतरा वर्षे गेली. मधल्या काळात त्यांनी दोन नाटके लिहिली, पण ती या दोहोंइतकी गाजली नाहीत. आणि हीच त्यांची चित्रपटांतल्या धावपळीची वर्षे होती. म्हणजे अनेक कामांची किंमत मोजावी लागते, हे मान्य केलेच पाहिजे. ती किंमत नाकारून कार्नाडांचा नुसता जयजयकार करणे मला खोटे वाटते. पण 'तू एकच कर' असा सल्ला देणाऱ्यांनी त्या एकाच कामावर घर कसे चालवायचे, हेही सांगायला हवे. ते कुणी सांगत नाही.

मराठी रंगभूमीने कार्नाडांना परके मानले नाही. 'तुघलक' विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले आणि 'हयवदन' चिं. त्र्यं. खानोलकरांनी, विजया मेहता यांनी ते रंगमंचावर उभे केले. मग माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणच ते का विसरावे? जुन्या पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, आपल्याकडे हौशी मुले आहेत. पुढच्या वर्षी १९ मे रोजी सुट्टी असली तरी आपल्या नाट्यमंडळाने 'हयवदन'चे एक वाचन करावे, आणि त्यानंतरच्या चर्चेला शेजारच्या एखाद्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवावे, अशी माझी सूचना आहे. डोके बदलल्यावर माणूस कोण, हे ठरवायला त्यांचीही गरज लागेल.

आणि माझ्यासारखी भाराभर कामे अंगावर घेतलेली जी मित्रमंडळी आहेत, त्यांना एवढेच सांगते की यादी लांबली म्हणून घाबरू नका. रात्री झोपण्यापूर्वी फक्त स्वतःला विचारा, यातले कोणते काम मी पैसे मिळाले नाहीत तरी करीन? त्याचे उत्तर सापडत असेल तर बाकीची कामे खुशाल करा. सापडत नसेल, तर मात्र घरची वडीलधारी म्हणतात त्यात काही तथ्य आहे. माझे उत्तर मला अजून पुरते सापडलेले नाही, हे कबूल करून थांबते.