औषध जगाचे, यकृत आपले

१/ क्षयरोगावरचे आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आले. आज बार्शीटाकळीतल्या क्षयरुग्णाला मिळणाऱ्या गोळ्यांतही ते असते. त्याने असंख्य जीव वाचवले. काहींच्या यकृतावर मात्र घाव घातला. त्या इतिहासाविषयी आणि त्यातून निघणाऱ्या एका मागणीविषयी हा धागा.

२/ धोक्याचे गांभीर्य उशिरा उमगले. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिलवरील २,३२१ कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक उपाय म्हणून हे औषध दिले गेले. १९ जणांना यकृतविकार जडला, दोघे दगावले. तोवर औषध येऊन १८ वर्षे लोटली होती.

३/ प्राण्यांवरील चाचण्या धोका नेहमीच ओळखतात असे नाही. हिपॅटायटिस-बीवरचे फियालुरिडिन त्या चाचण्यांत सुरक्षित ठरले होते. १९९३ मध्ये अमेरिकेत १५ रुग्णांना ते दिले गेले. पाच जण मृत्युमुखी पडले.

४/ असे का घडते? औषधाचे विघटन यकृतातील विकरे करतात आणि ती प्राण्यागणिक बदलतात. माणसांतही भेद आहेत. एनएटी-२ जनुकामुळे काहींच्या शरीरात आयसोनियाझिडचे विघटन मंद होते. त्यांना धोका अधिक. भारतात अशांची संख्या मोठी आहे.

५/ जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, तर २००७ मध्ये माणसाच्या त्वचापेशींपासून मूलपेशी घडवल्या. अशा मूलपेशींपासून यकृतपेशी करता येतात आणि त्यांत दात्याची जनुके जशीच्या तशी उतरतात. म्हणजे औषध रुग्णाच्या पोटात जाण्याआधीच अनेक माणसांच्या यकृतपेशींवर पारखता येते.

६/ मर्यादाही सांगायला हवी. या पेशी अपरिपक्व, गर्भातील यकृतासारख्या असतात, विकरे कमी. प्रतिकारशक्तीमुळे होणारी इजा केवळ यकृतपेशींच्या बशीत दिसत नाही. तूर्त ही चाचणी पूरक आहे, पर्याय नव्हे.

७/ मार्च २०२३ मध्ये भारताने औषधचाचणीचे नियम बदलून पेशींवर आधारित पद्धतींना वाट मोकळी केली. स्तुत्यच, पण पेशी कोणाच्या? परक्या दात्यांच्याच पेशी वापरल्या, तर आपल्यातला भेद पुन्हा निसटेल. वऱ्हाडापासून ईशान्येपर्यंतच्या दात्यांची, त्यांच्या संमतीने उभी राहिलेली सार्वजनिक पेशीपेढी हवी.

८/ तोवर तालुक्याच्या रुग्णालयात यकृताची रक्ततपासणी वेळेवर व्हावी. औषध घेताना भूक मंदावली, मळमळ वाढली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कॅपिटॉल हिलचा धडा अमेरिकेने माणसे गमावून शिकला. तोच धडा बार्शीटाकळीने त्याच किमतीला पुन्हा का घ्यावा?