दुःखाच्या दिवसांतली प्रार्थना

वेरूळच्या घृष्णेश्वराची कथा या परिसरात घरोघर ठाऊक आहे. पोटच्या मुलाचा घात झाल्याचे कळूनही घुष्मेने नित्याची पार्थिव पूजा मोडली नाही. दुःखातही उपासना ढळू द्यायची नाही, हा आदर्श या भागात सर्वांच्याच ओळखीचा आहे. गंगापूर-वैजापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळींनाही तो परका नाही. त्यांच्यात आज एक प्रश्न मात्र वारंवार पुढे येतो: मन खचले, झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर आधी पाळकांना बोलवावे की डॉक्टरांकडे जावे? दोन्ही उत्तरे देणारी माणसे श्रद्धावान आहेत आणि दोघांनाही समोरच्याचे भलेच हवे आहे.

प्रार्थनेवर भिस्त ठेवणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील गमावले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती आणि 1921 मध्ये मुलगी मनोरमा. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी एप्रिल 1922 मधल्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. त्यांना बळ कशाने दिले, याचे त्यांचे स्वतःचे उत्तर प्रार्थना हेच होते. शिवाय घरगुती प्रार्थनासभेला पैसे लागत नाहीत. ती संध्याकाळी कामे आटोपल्यावर दाराशी येते. शहरातल्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात जायचे म्हणजे खेड्यातल्या मजुराचा दिवस बुडतो, वर गावात चर्चा होते ती वेगळीच. चार माणसे शेजारी बसून आपल्यासाठी प्रार्थना करतात, तेव्हा दुखावलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे पटते. तो आधार कोणत्याही चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

तथापि, हाच आधार कधी ओझेही होतो. प्रार्थनेनंतर बरे वाटले नाही, तर ‘विश्वास कमी पडला’ असे कुणी सहज बोलून जाते. आधीच स्वतःला दोषी मानणाऱ्या नैराश्यग्रस्त माणसावर मग दुसरा दोष लादला जातो. चंगाईच्या सभेत बरे झाल्याची साक्ष दिल्यावर गोळ्या एकदम बंद केल्या, तर आजार उलटण्याचा धोका असतो. आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. प्रार्थनेचे विषय सर्वांसमोर सांगण्याची रीत प्रेमातून आली आहे, पण तिच्यामुळे एखाद्या सुनेचे किंवा तरुणाचे खासगी दुःख आठवड्याभरात गावभर होते. मग पुढच्या वेळी तो माणूस गप्प राहतो.

दुसरीकडे, प्रत्येक दुःखाला आजार ठरवणेही न्याय्य नाही. मूल गेलेल्या आईचा शोक हा रोग नव्हे. तिला रडायला जागा हवी, आणि ती जागा ख्रिस्ती परंपरेत आहे. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. 1905 मध्ये रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा मोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या, तेव्हाही या उमाळ्याविषयी मतभेद होतेच. काहींना ते पवित्र आत्म्याचे काम वाटले, काहींना भावनेचा अतिरेक. पण एवढे सोसलेल्या जिवांनी देवासमोर आक्रोश करावा, यात अनैसर्गिक असे काही नाही. आज मात्र आपल्या उपासनांमध्ये उपकारस्तुतीला जितका वेळ मिळतो, तितका विलापाला मिळत नाही.

शास्त्रवचनांचा आधार दोन्ही बाजू घेतात आणि तो दोहोंनाही मिळतो. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोब सांगतो. मात्र पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि मरण मागणाऱ्या एलियाला देवाने उपदेशाआधी झोप व भाकर दिली. महाराष्ट्रातल्या मिशनच्या कामातही हे दोन धागे एकत्र आहेत. मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ उभारले, ते प्रार्थनेला पर्याय म्हणून नव्हे.

सगळे तोलून पाहता आमचा कल असा आहे: शोकात प्रार्थना पुढे असावी, आजारात उपचार. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-जेवण सुटले, कामात मन लागेनासे झाले, तर डॉक्टरांना भेटायला उशीर करू नये. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली मानस’चा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, आणि मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

या भूमिकेचीही किंमत आहे. लोकांना लगेच डॉक्टरांकडे पाठवण्याची सवय लागली, तर एकमेकांचे ओझे वाहण्याची मंडळीची वृत्ती सैल पडेल, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच नुसते पाठवू नये, सोबत जावे. पाळकांनी किंवा फादरांनी एखाद्या वडीलधाऱ्याला घाटीपर्यंत बरोबर द्यावे. नाव सांगायचे की नाही हे त्या माणसावरच सोडावे, आणि गोळ्या चालू असताना केलेली प्रार्थनाही तितकीच विश्वासाची आहे, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे. ज्यांना प्रार्थनाच पुरेशी वाटते, त्यांच्या श्रद्धेला याने बाध येत नाही. ज्यांना ती पुरत नाही, त्यांना मात्र मंडळीतून मनाने बाहेर पडावे लागत नाही. खचलेल्या माणसाला दोन्ही दारे उघडी असणे, हेच आम्हाला अधिक ख्रिस्ती वाटते.