वाट मोकळी करणारा अधिकारी

अल्लीपूरहून कापसाची गाडी हिंगणघाटच्या बाजाराकडे निघते, तेव्हा रस्ता मोकळा असणार हे सर्वजण गृहीत धरतात. चिंता भावाची असते, वाटेची नसते. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू भागातील नौशेरा-राजौरी मार्गावर मात्र सारी चिंता वाटेचीच होती. राजौरी शत्रूच्या ताब्यात होते आणि तेथील नागरिकांवर अनन्वित अत्याचार चालले होते. भारतीय सैन्याजवळ रणगाडे होते. परंतु डोंगरातील रस्त्यावर सुरुंग पेरलेले, पूल उडविलेले आणि चीडची झाडे आडवी पाडलेली होती.

ही वाट मोकळी करण्याची जबाबदारी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावर आली. त्यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवार भागात झाला. १९४० मध्ये ते साधे सैनिक म्हणून बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. ब्रह्मदेशातील युद्धाचा अनुभव त्यांनी घेतला. अधिकारपद मिळाले ते डिसेंबर १९४७ मध्ये, म्हणजे या मोहिमेच्या अवघे चार महिने आधी.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास त्यांची तुकडी रणगाड्यांजवळ कामाच्या तयारीत असताना तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. त्यांनी माघारी जाण्याऐवजी उरलेल्या जवानांची नव्याने जुळवाजुळव केली आणि काम सुरू केले. सायंकाळी बरवाली टेकडी जिंकली गेली, तरी शत्रू पुरता हटला नव्हता. त्याच्या नजरेच्या टप्प्यात, मशीनगनच्या माऱ्यात, ते रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून तेच काम पुन्हा सुरू झाले. दुपारी तीनला वळणरस्ता पूर्ण होताच ते सर्वांत पुढच्या गाडीत बसले. वाटेत आडवी झाडे दिसली, की खाली उतरून ती सुरुंगाने उडवायची आणि पुढे निघायचे, असा क्रम चालला. संध्याकाळी पाच मोठ्या वृक्षांचा अडथळा आला. त्याभोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा पहारा. अंधारामुळे रणगाडे थांबले. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच अडथळ्यापाशी होते. साडेसहाला तो दूर झाला. त्या दिवशी दुपारी रणगाडे चिंगसला पोहोचले. राणे मात्र अन्न-विश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत मागचा रस्ता दुरुस्त करीत होते. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाले.

या पराक्रमासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. हा सर्वोच्च सन्मान हयातीत लाभलेल्या मोजक्या वीरांत त्यांची गणना होते. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. अंदमानातील एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

राणे यांच्या वाट्याला आलेले काम शत्रूला मारण्याचे नव्हते, मागून येणाऱ्यांना सुखरूप पुढे नेण्याचे होते. पदाने ते कनिष्ठ होते. तरीही रणगाड्यांची संपूर्ण फळी त्यांच्या हातांकडे पाहून पुढे सरकत होती. दोन सोबती डोळ्यांदेखत गेल्यानंतर उरलेले जवान त्यांच्यामागे गेले, याचे कारण जखमी अधिकारी स्वतः पुढे चालत होता. पेढीची सूत्रे हाती घेणाऱ्या तरुणानेही एवढे ध्यानी ठेवावे. गादीवर बसण्याचा अधिकार वारशाने मिळतो. परंतु संकटाच्या दिवशी मुनीम-गुमास्ते मालकाकडे पाहतात, तेव्हा तो कोठे उभा आहे, हेच ते पाहत असतात.